कारखान्याच्या गेटवर रक्षक नेमायचा आहे: पसारा परवाना पुरेसा, की सुरक्षा रक्षक मंडळही?

अंबरनाथकर:

नमस्कार. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत माझा यंत्रांचे सुटे भाग तयार करण्याचा छोटा कारखाना आहे. चाळीसच्या आसपास कामगार, दोन पाळ्या आणि ये-जा करायला एकच गेट, एवढाच आमचा पसारा. (या शब्दाशी आता वेगळ्याच अर्थाने गाठ पडली आहे: सुरक्षा एजन्सीच्या सरकारी परवान्यालाही पसारा म्हणतात.) आजवर गेटवर आमच्याच हजेरीपटावरचे एक रखवालदार काका असत आणि रात्री त्यांचा पुतण्या असे. काका वयोमानामुळे गावी परतले, पुतण्याला दुसरीकडे नोकरी लागली आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत पितळेच्या भंगाराची दोन पोती कुंपणावरून गेली. म्हणून चोवीस तास रक्षक ठेवायचे ठरवून मी चौकशी सुरू केली आणि तिथूनच गोंधळाला सुरुवात झाली.

पहिल्या एजन्सीचे फील्ड ऑफिसर चौकटीत बसवलेल्या परवान्याची रंगीत प्रत घेऊन आले आणि "पसारा लायसन्स असले की झाले, बाकी काही लागत नाही" असे त्यांनी ठामपणे सांगितले. त्यांच्या दरपत्रकात दोन रक्षक असून प्रत्येकाची बारा तासांची ड्युटी आहे, आणि एकूण रक्कम दुसऱ्या एजन्सीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी आहे. दुसऱ्या एजन्सीने आठ तासांच्या तीन पाळ्या धरल्या आहेत आणि आपले रक्षक "सूटप्राप्त" असल्याचे सांगितले आहे. सूट कशापासून, असे विचारले तेव्हा त्यांनी राजपत्राची एक झेरॉक्स पुढे केली, जी मला नीटशी समजली नाही. शेजारच्या कारखानदारांचे म्हणणे तर असे की ठाणे जिल्ह्यात खासगी एजन्सीचा रक्षक ठेवताच येत नाही, सुरक्षा रक्षक मंडळाकडूनच घ्यावा लागतो. त्यांना मंडळाच्या निरीक्षकांची नोटीस आली होती आणि मागील थकबाकीचा हिशोब अजून मिटलेला नाही.

यातले खरे काय? परवाना पाहून करार केला तर माझी जबाबदारी संपते का? शिवाय सुटीच्या वेळी कामगारांच्या पिशव्या तपासण्याचा अधिकार या रक्षकाला असतो का, हेही जाणकारांनी सांगावे.

कामगार सल्लागार:

तिघांनीही आपल्याला अर्धे-अर्धे खरे सांगितले आहे. महाराष्ट्रात या व्यवसायावर दोन स्वतंत्र कायदे लागू होतात. एक गृह खात्याकडे आहे, दुसरा कामगार खात्याकडे, आणि एकाचा कागद दुसऱ्याच्या टेबलावर चालत नाही. बहुतेक गोंधळ या एका गोष्टीतून होतो.

आधी जुना कायदा पाहू, कारण आपल्या शेजाऱ्यांची नोटीस त्यातूनच आली आहे. महाराष्ट्र खासगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम हा १९८१ चा, आणि त्याची घडण १९६९ च्या माथाडी कायद्यावरून घेतलेली आहे. माथाडी कामगारांची जी अडचण होती तीच रक्षकांची होती: काम एका दारात, पगार दुसऱ्याच्या हातात, आणि मधल्या माणसाने कारखान्याकडून किती घेतले व रक्षकाला किती दिले याचा पत्ता दोन्ही टोकांना नसे. त्यावरचा उपाय म्हणून शासन, मालक आणि रक्षक यांच्या प्रतिनिधींचे मंडळ नेमण्यात आले. रक्षकांची नोंदणी मंडळाकडे होते, मुख्य मालकाची, म्हणजे ज्याच्या आवारात रक्षक उभा राहतो त्या कारखान्याची, नोंदणीही तिथेच होते, मागणीप्रमाणे मंडळ रक्षक पाठवते, आणि मुख्य मालकाने वेतन व त्यावरची लेव्ही (वेतनाशिवायचा ठरावीक आकार) दरमहा मंडळात भरायची असते. मंडळ त्यातून रक्षकाला वेतन देते आणि भविष्य निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), बोनस, भरपगारी रजा यांची तजवीज लेव्हीतून करते. हा कायदा आल्याबरोबर एजन्सीचालकांनी त्याला न्यायालयात आव्हान दिले होते, परंतु मुंबई उच्च न्यायालयाने १९८२ मध्ये त्याची वैधता मान्य केली. बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्याचे मंडळ हे त्यातले मूळ मंडळ, म्हणजे आपण या कायद्याच्या अगदी उगमापाशी बसलेले आहात.

तथापि "खासगी एजन्सीचा रक्षक ठेवताच येत नाही" हे विधान पूर्ण बरोबर नाही. कायद्यातच दोन दारे उघडी ठेवलेली आहेत. पहिले दार असे की कारखान्याच्या थेट व नियमित नोकरीत असलेल्या रक्षकाला हा कायदा लागू होत नाही. आपले काका याच कारणामुळे इतकी वर्षे कोणाच्या नजरेत आले नाहीत. दुसरे दार कलम २३ चे. रक्षकांना मिळणारे लाभ एकंदरीत मंडळाच्या योजनेतील लाभांपेक्षा कमी नाहीत अशी शासनाची खात्री झाली, तर सल्लागार समितीशी विचारविनिमय करून, राजपत्रात अधिसूचना काढून, अटी घालून आणि मुदत ठरवून त्या रक्षकांना कायद्याच्या तरतुदींतून सूट देता येते. दुसऱ्या एजन्सीने दाखवलेली झेरॉक्स बहुधा या अधिसूचनेची असावी. ती वाचताना अधिसूचनेत नेमके कोणते रक्षक येतात, तिची मुदत कधी संपते आणि तिच्यातल्या अटी आज पाळल्या जात आहेत का, हे पाहावे. मुदत संपलेल्या सूट-अधिसूचनेच्या भरवशावर करार केला आणि पुढे तपासणी झाली, तर सूट नव्हतीच असे धरूनच हिशोब मांडला जातो.

आता पसारा. हे नाव २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले आहे. खासगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम हे त्याचे पूर्ण नाव, आणि तो मार्च २००६ मध्ये अमलात आला. या कायद्याने राज्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याच्या परवान्याशिवाय सुरक्षा एजन्सी चालवण्यास मनाई केली. परवाना पाच वर्षांचा असतो आणि तो एका जिल्ह्यासाठी, दोन ते पाच जिल्ह्यांसाठी किंवा संपूर्ण राज्यासाठी घेता येतो. कायद्यात त्याचे शुल्क अनुक्रमे ५,००० रुपये, १०,००० रुपये आणि २५,००० रुपये असे ठरवलेले आहे. म्हणून परवाना पाहताना तारखेइतकेच जिल्ह्याकडेही लक्ष द्यावे. दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यापुरता घेतलेला परवाना दाखवून ठाण्यात रक्षक पुरवणारे महाभाग मी पाहिलेले आहेत. विनापरवाना एजन्सी चालवल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा २५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

थोडक्यात, एजन्सीने हा धंदा करावा की नाही हे पसारा परवाना सांगतो. तिच्या रक्षकाला आपल्या गेटवर मंडळाला वगळून उभे करता येईल की नाही, हे त्यावरून कळत नाही, आणि वेतनाशी तर त्या परवान्याचा काही संबंधच नाही.

माजी सुभेदार:

सल्लागार साहेबांनी मांडणी उत्तम केली आहे, पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. सैन्यातून निवृत्त झाल्यावर गेली काही वर्षे मी एक लहान परवानाधारक एजन्सी चालवतो, त्यामुळे हा कायदा मला कलमवार वाचावा लागला आहे. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याची कारणे कलम १३ मध्ये दिली आहेत, आणि कायद्याच्या शेवटच्या अनुसूचीत जे कामगार कायदे नोंदवले आहेत त्यांचा भंग हेही त्यातले एक कारण आहे. त्या अनुसूचीत किमान वेतन, वेतन प्रदान, भविष्य निर्वाह निधी, बोनस, उपदान, कंत्राटी कामगार हे सारे येतात. तेव्हा वेतनाशी परवान्याचा संबंध आहे. एवढेच की तो संबंध कोणीतरी लेखी तक्रार करीपर्यंत झोपलेला असतो.

अंबरनाथकर साहेब, आपल्याला आलेल्या स्वस्त दरपत्रकाबद्दल मला बोलायचे आहे, कारण असल्याच दरपत्रकांपुढे माझी कामे जातात. कायद्याची पुस्तके बाजूला ठेवून कागदावर साधा हिशोब करून पाहा. आठ तासांच्या कामाचा एका दिवसाचा पगार एक मानला, तर बारा तासांच्या ड्युटीत चार तास जादा होतात. जादा तासांचा दर दुप्पट, म्हणजे ते चार तास आठ तासांच्या बरोबरीचे झाले आणि बारा तासांच्या माणसाचा दिवस दोन पगारांचा झाला. असे दोन रक्षक ठेवले की रोजचे चार पगार होतात. उलट आठ तासांच्या तीन पाळ्यांना तीनच पगार पडतात. म्हणजे कायद्याप्रमाणे पैसे देणाऱ्याला बारा तासांच्या दोन ड्युट्या तीन पाळ्यांपेक्षा महाग पडल्या पाहिजेत, आणि आपल्या हातातल्या कागदावर त्या एक तृतीयांशाहून अधिक स्वस्त दिसत आहेत. हा फरक एजन्सीच्या कौशल्यातून आलेला नाही. तो रक्षकाच्या खिशातून आलेला आहे. शिवाय महिन्याचे सव्वीस दिवस रोज चार तास जादा काम म्हणजे तिमाहीत ३१२ तास होतात, आणि जादा कामाची कोणतीही कायदेशीर मर्यादा याच्या जवळपाससुद्धा येत नाही.

तीन पाळ्यांचाही हिशोब तीन माणसांत बसत नाही, हे लक्षात घ्यावे. आठवड्याचे तास १६८. एका माणसाचे ४८. भागाकार साडेतीन येतो. वरचा अर्धा माणूस म्हणजे साप्ताहिक सुटीचा रिलीव्हर. दरपत्रकात रिलीव्हरची ओळ नसेल तर साप्ताहिक सुटीही नाही, किंवा सुटीच्या दिवशी आदल्या पाळीचाच माणूस डबल ड्युटी करतो. सोळा तास जागा असलेला माणूस पहाटे चार वाजता आपले पितळ राखेल ही अपेक्षा आपणच तपासून पाहावी.

प्रशिक्षणाबाबतही हीच रड आहे. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत रक्षकासाठी किमान १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष असे प्रशिक्षण, निदान वीस कामकाजाच्या दिवसांत विभागून, सांगितले आहे. माजी सैनिक व माजी पोलिसांसाठी ते ४० आणि १६ तासांचे आहे. आग विझवणे, प्रथमोपचार, ओळखपत्रांची तपासणी, स्फोटकसदृश वस्तू ओळखणे, गर्दी आवरणे, प्राथमिक माहिती अहवाल कसा नोंदवतात, एवढेच काय पण पोलीस व सैन्यातील हुद्द्यांची चिन्हे ओळखणे हेही त्या अभ्यासक्रमात आहे. प्रत्यक्षात सोमवारी गावाहून आलेला मुलगा मंगळवारी संध्याकाळी ड्रेस घालून पॉइंटवर उभा असतो. आपण प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मागितले तर एजन्सीला राग येण्याचे काही कारण नाही. ज्याला राग येतो त्याच्याकडे ते नाही, असे समजावे.

मंडळाबद्दल माझे मत मिश्र आहे, हेही सांगून ठेवतो. रक्षकाला पगार वेळेवर आणि पूर्ण मिळतो हे निर्विवाद. परंतु एखादा रक्षक झोपलेला सापडला तर आमच्याकडे मालकाच्या एका फोनवर रात्रीतून दुसरा माणूस पोहोचतो. मंडळाकडे लेखी कळवून प्रक्रियेची वाट पाहावी लागते. लहान कारखानदारांना हा फरक जाणवतो.

जाता जाता एक कराची गोष्ट. एजन्सी कंपनी म्हणून नोंदलेली नसून मालकी हक्काची किंवा भागीदारीची असेल आणि आपला कारखाना वस्तू व सेवा करात नोंदलेला असेल, तर १ जानेवारी २०१९ पासून सुरक्षा सेवेवरचा कर बिलात न येता आपल्यालाच उलट आकारणीने भरावा लागतो. दरांची तुलना करताना हे विसरल्यास स्वस्त-महागचा ताळा चुकतो.

गेट नंबर दोन:

मी मंडळाचा नोंदणीकृत रक्षक आहे आणि त्याआधी सहा वर्षे एका एजन्सीकडे होतो. वर मालक, सल्लागार आणि एजन्सीचालक या तिघांची मते आली. जो गेटवर उभा राहतो त्याचेही चार शब्द असावेत म्हणून लिहीत आहे.

एजन्सीत माझी भरती एका चहाच्या टपरीवर झाली. पहिल्या पगारातून ड्रेसचे आणि बुटांचे पैसे कापले गेले, दुसऱ्या पगारातून "डिपॉझिट" म्हणून काही रक्कम घेतली गेली, आणि ती परत मागायला गेलो तेव्हा मधल्या काळात एजन्सीने कार्यालय बदललेले होते. भविष्य निर्वाह निधीची कपात पगारपत्रकात दिसत असे. परंतु खात्याचा क्रमांक मिळवून पाहिला तेव्हा सहा वर्षांतले जेमतेम चौदा महिने तिथे जमा होते. ज्या कारखान्यात मी होतो त्यांच्या साहेबांना हे सांगितले तर ते खरोखर चकित झाले, कारण त्यांनी प्रत्येक बिलात निधीची रक्कम वेगळी मोजून दिलेली होती. त्यांचा स्वभाव वाईट नव्हता. त्यांनी एजन्सीकडे चलनाची प्रत मागितलेली होती आणि ती मिळालीही होती, पण ते चलन एजन्सीच्या एकूण भरण्याचे होते आणि त्यासोबतची नावांची यादी मागायचे त्यांना कोणी सुचवले नव्हते. म्हणून माझी विनंती अशी की चलनापेक्षा यादी मागा, आणि त्या यादीत आपल्या गेटवरच्या माणसाचे नाव आहे का ते पाहा. एवढे केले तरी पुरेसे आहे.

मंडळात आल्यावर हे प्रश्न उरले नाहीत. वेतन थेट बँकेत येते, रजेचा हिशोब असतो, आणि कामाची जागा सुटली तरी नोंदणी सुटत नाही. याचा अर्थ सगळे सुरळीत आहे असा मात्र नाही. एका कंपनीने नूतनीकरणाच्या नावाखाली मंडळाचे रक्षक परत केले तेव्हा पुढची नेमणूक मिळेपर्यंत मी बरेच महिने घरी बसून होतो, कारण त्या काळात काम नाही तर वेतनही नाही. नंतर समजले की त्याच गेटवर बारा तासांचे रक्षक आले होते. सुभेदार साहेबांनी केलेला चार पगार आणि तीन पगारांचा हिशोब आम्हा रक्षकांना पाठ आहे. तो कारखान्याच्या खरेदी विभागाला कोणी शिकवत नाही.

झोपलेल्या रक्षकाबद्दल सुभेदार साहेबांनी लिहिले ते मान्य आहे. मंडळाकडे लेखी अहवाल गेला की रक्षकाची चौकशी होते आणि कारवाईही होते, परंतु तोंडी तक्रारीवर माणूस काढून टाकता येत नाही. ज्याला एका फोनवर घरी बसवता येते तो माणूस मालकाच्या नातलगाची गाडी रजिस्टरमध्ये न लिहिता सोडतो, हेही लक्षात घ्यावे.

निवृत्त खाकी:

पिशव्यांच्या तपासणीबद्दलचा प्रश्न बाजूला राहिला आहे, म्हणून पोलीस खात्यातील अनुभवावरून लिहितो.

खासगी रक्षकाला झडतीचा कोणताही वैधानिक अधिकार नाही. गणवेश, शिट्टी आणि काठी यांनी माणसाचे अधिकार वाढत नाहीत. कायद्याच्या नजरेत तो तुमच्या-माझ्यासारखा नागरिकच असतो. कारखान्यात तपासणी चालते ती कामगाराच्या संमतीवर, आणि ती संमती नेमणूकपत्रातील किंवा स्थायी आदेशांतील अटीतून आलेली असते. तेव्हा नेमणूकपत्रात तशी स्पष्ट अट घालावी, गेटवर मराठी व हिंदीत सूचना लावावी, तपासणी सर्वांची सारखी व्हावी, आणि महिला कामगारांची तपासणी महिलेनेच करावी. कामगाराने नकार दिला तर त्याला धरून ठेवू नये. नकाराची नोंद करावी आणि व्यवस्थापनाला कळवावे. पुढची कारवाई शिस्तभंगाची असेल, हातघाईची नव्हे.

चोर समोर सापडला तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणीही नागरिक अटक करू शकतो, मात्र त्याला विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. जुन्या संहितेत सहा तासांची ही मर्यादा लिहिलेली नव्हती. रात्री पकडलेल्याला सकाळी साहेब येईपर्यंत स्टोअरमध्ये कोंडून ठेवायचे आणि मध्यंतरी "समज" द्यायची, ही जुनी पद्धत रक्षकालाच आरोपी करून जाते. मी असे गुन्हे नोंदवलेले आहेत.

गणवेशाकडेही लक्ष असू द्यावे. काही एजन्सी रुबाबासाठी पोलिसांसारखा किंवा सैन्यासारखा ड्रेस देतात. पसारा कायद्याच्या कलम २१ प्रमाणे असा गणवेश घालणारा रक्षक आणि एजन्सीचा मालक दोघेही एक वर्षापर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशा शिक्षेस पात्र ठरतात.

चारित्र्य पडताळणीबद्दल सांगायचे तर कलम १० प्रमाणे रक्षक भारताचा किंवा केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या देशाचा नागरिक असावा, वय १८ ते ६५ च्या दरम्यान असावे, आणि पूर्वचारित्र्याबद्दल एजन्सीची खात्री झालेली असावी. न्यायालयाने दोषी ठरवलेल्या किंवा गैरवर्तनामुळे पोलीस वा सैन्यातून बडतर्फ झालेल्या व्यक्तीला ठेवता येत नाही. गेटवरच्या माणसाकडे एजन्सीचे छायाचित्रासह ओळखपत्र असणे कलम १७ नुसार आवश्यक आहे. करारात दाखवलेला माणूस एक आणि प्रत्यक्ष उभा राहणारा दुसराच, असे चोऱ्यांच्या तपासात मला वारंवार आढळले, म्हणून हजेरी रजिस्टरमधील नाव आणि ओळखपत्र महिन्यातून एकदा तरी स्वतः ताडून पाहावे.

अंबरनाथकर:

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. या आठवड्यात मी आपल्या सूचनांप्रमाणे दोन्ही एजन्सींकडे कागद मागितले. पहिल्या एजन्सीकडे मागील तीन महिन्यांची पगारपत्रके, भविष्य निर्वाह निधीची नावनिशीवार यादी आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे मागितली तेव्हा दोन दिवस उत्तर आले नाही, आणि तिसऱ्या दिवशी दरमहा पाचशे रुपये आणखी कमी केल्याचा निरोप आला. त्यावर मला काही बोलायचे उरले नाही. दुसऱ्या एजन्सीच्या राजपत्राच्या झेरॉक्समध्ये मुदत ज्या पानावर असायला हवी ते शेवटचे पानच नव्हते. ते मागवले आहे. त्यांच्या व्यवस्थापकांनी सभ्यपणे पाठवतो म्हणून सांगितले आहे.

दरम्यान मंडळाच्या कार्यालयात जाऊन मुख्य मालक म्हणून नोंदणी कशी करायची याची माहिती घेतली. आता मनात असा विचार आहे की रात्रीची पाळी मंडळाच्या रक्षकांकडे द्यावी आणि दिवसा गेटवर आपलाच माणूस असावा. काकांचा पुतण्या परत यायला तयार आहे. त्याला पूर्वीप्रमाणे आमच्या हजेरीपटावर घेतले तर ते चालेल का?

कामगार सल्लागार:

आधी सुभेदार साहेबांची दुरुस्ती मान्य करतो. कलम १३ आणि अनुसूची मी लिहिताना विसरलो होतो.

पुतण्याला घ्यायला हरकत नाही, परंतु "थेट व नियमित" या दोन्ही शब्दांचे पालन झाले पाहिजे. नेमणूकपत्र आपल्या लेटरहेडवर असावे, वेतन आपल्या खात्यातून त्याच्या खात्यात जावे, हजेरीपट, भविष्य निर्वाह निधी, राज्य विमा, साप्ताहिक सुटी आणि बोनस हे सारे इतर कामगारांप्रमाणे असावे. रोखीने व्हाउचरवर पैसे द्यायचे आणि विचारणा झाली की आमचाच माणूस म्हणायचे, असे केल्यास निरीक्षक त्याला थेट नोकर मानणार नाहीत, आणि ते चुकीचे ठरवतील असेही मला वाटत नाही. त्याच्या सुटीच्या दिवशी गेटवर कोण असेल, हेही आधीच ठरवा. तिथे ओळखीच्या एजन्सीचा माणूस आठवड्यातून एक दिवस आणून बसवला की पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो. त्या दिवसासाठी मंडळाकडे मागणी करा किंवा हजेरीपटावरच्या दुसऱ्या कोणाला ते काम द्या.

सूटप्राप्त एजन्सीचे शेवटचे पान आले आणि मुदत चालू असली, तर तोही मार्ग नियमात बसतो. मात्र रक्षकांचे वेतन एजन्सीने थकवले तर ते मुख्य मालकाने द्यायचे आणि नंतर एजन्सीकडून वसूल करायचे, हे तत्त्व १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांमध्येही आहे. म्हणून मागील महिन्याचा निधी व विमा भरल्याची नावनिशीवार यादी जोडल्याशिवाय चालू महिन्याचे बिल मंजूर होणार नाही, असे एक कलम करारात घालून ठेवा.

गेट नंबर दोन:

अंबरनाथकर साहेब, रात्रीच्या रक्षकांची मागणी नोंदवण्याआधी गेटवरची केबिन एकदा पाहून घ्यावी. पाऊस आत येत नाही ना, पंखा आणि पिण्याचे पाणी आहे का, कुंपणाच्या मागच्या बाजूला दिवा लागतो का आणि रात्री कारखान्याचे शौचालय रक्षकाला उघडे मिळते का, हे कोणत्याही दरपत्रकात लिहिलेले नसते. भंगाराची पोती जिथून गेली त्या कोपऱ्यात दिवा नसणार, असा माझा अंदाज आहे.

अंबरनाथकर:

अंदाज बरोबर आहे. त्या कोपऱ्यातला दिवा गणपतीपासून बंद होता, आज इलेक्ट्रिशियनला सांगितले आहे. केबिनच्या पत्र्याचेही पाहतो.